ग्रंथालयातील जुने संगणक लिनक्सवर न्यावेत का?

तालुक्याच्या ठिकाणच्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रंथालयात आठ संगणक आहेत. सगळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले आणि विंडोज १० वर चालणारे. या प्रणालीला मिळणारी सुरक्षा-अद्यतने बंद झाल्यामुळे विक्रेता नवे संगणक घ्या म्हणतो, कार्यकारिणीतील एक तरुण सदस्य, जिचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे अशी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका म्हणतो आणि अध्यक्षांचा आग्रह स्वदेशी सॉफ्टवेअरचा आहे. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये, पत्रव्यवहार वर्डमध्ये आणि जमाखर्च टॅलीत आहे. अनुदानातून आठ नवे संगणक घेणे शक्य नाही. अशा वेळी काय करावे?

माझे उत्तर असे की, आठपैकी सात संगणक लिनक्सवर न्यावेत आणि एक विंडोजवर ठेवावा. मात्र एकाही संगणकाला हात लावण्यापूर्वी पुस्तकांची यादी आणि जुना पत्रव्यवहार युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणून घ्यावा. ग्रंथालये, पतसंस्था आणि शाळा यांचे संगणक मुक्त प्रणालींवर नेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. हे काम जिथे फसले तिथे दोष बहुधा नव्या प्रणालीचा नव्हता. जुन्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडल्या होत्या आणि ते संगणक बदलल्यानंतर लक्षात आले.

आधी विंडोजचा मुद्दा संपवू. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि, इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचे संगणक सहाव्या किंवा सातव्या पिढीचे असणार, म्हणजे ते धडधाकट असूनही अपात्र ठरतात. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. घरच्या संगणकावर हौस म्हणून ठीक, परंतु पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी नसलेली गोष्ट संस्थेने करू नये. पैसे भरून वाढीव सुरक्षा-अद्यतने घेण्याची सोयही आहे. संस्थांसाठी तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनंतर ती वाटही बंद होते. ज्या एका संगणकावर विंडोज ठेवायचे आहे त्याच्यापुरता हा खर्च एक वर्ष करता येईल; आठही संगणकांसाठी तो करणे म्हणजे मुदतवाढ विकत घेणे आहे.

आता मूळ कामाकडे येतो. तुमची यादी २००५ ते २०१२ या काळात सुरू झालेली असेल, तर ती श्रीलिपी, आयएसएम किंवा तत्सम पॅकेजच्या फॉन्टमध्ये टंकलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशा फाइलीत प्रत्यक्षात मराठी मजकूर नसतो. फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, आणि त्यांच्यावर फॉन्ट देवनागरीचे चित्र चढवतो. याची परीक्षा सोपी आहे: यादीतील एका रकान्याचा फॉन्ट बदलून एरियल करा. मजकूर देवनागरीतच राहिला तर तो युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसू लागला तर पुढचे दोन परिच्छेद तुमच्यासाठी आहेत.

रूपांतर करून देणाऱ्या सुविधा पुष्कळ आहेत आणि त्या बऱ्यापैकी चालतात, परंतु त्यांच्या चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्या पद्धतीत अक्षर झाल्यावर दिला जातो, युनिकोडमध्ये अर्धा र आधी येतो. ‘कार्यकर्ता’, ‘निर्मिती’, ‘मूर्ती’, ‘स्थित्यंतर’ अशा शब्दांत ही उलटापालट करताना रूपांतरक चुकतो आणि रफार किंवा वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून संपूर्ण यादी एका दमात बदलून जुनी फाइल पुसून टाकू नये. दाखल क्रमांक, जुना रकाना आणि त्याला लागून नवा रकाना अशी मांडणी ठेवावी, आणि रफार, जोडाक्षरे व वेलांट्या असलेल्या नोंदी ग्रंथपालांनी डोळ्यांखालून घालाव्यात. हे कंटाळवाणे काम आहे, पण ते ग्रंथपालच करू शकतात. संगणकाच्या दुकानातील मुलाला पुस्तकाचे नाव चुकले हे कळणार नाही.

यानंतरची एक अडचण मात्र नजरेला दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. वाचकाने एका पद्धतीने शोधले आणि नोंद दुसऱ्या पद्धतीने झालेली असली तर पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. ‘ॲ’चेही असेच आहे. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी अ आणि अर्धचंद्र जोडून काम भागवले जात असे आणि आजही अनेक जण तसेच टंकतात. यादी युनिकोडमध्ये आल्यावर ‘शोधा व बदला’ वापरून या दोन्ही बाबतींत एकच रूप ठरवून टाका. त्याच बैठकीत लेखकांच्या नावांची सरसकट यादी काढून पाहा. आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरांपुढे टिंब आहे की नाही, मध्ये जागा सोडली आहे की नाही, एवढ्यावरून एकच लेखक पाच-सहा ठिकाणी विखुरलेला सापडेल.

फाइल जतन करतानाही सांभाळावे लागते. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, काढताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडला नाही तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हांत जाते, आणि आयएसबीएन हा पुस्तकाचा तेरा आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक असलेला रकाना मजकूर म्हणून ठरवला नसेल तर त्याचे आकडे घातांकाच्या रूपात आखडून शेवटचे अंक कायमचे हरवू शकतात. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचातील कॅल्क, म्हणजे त्याचे एक्सेल, अशी फाइल उघडताना अक्षरसंच कोणता हे विचारते. त्या खिडकीकडे न पाहता ‘ठीक’ म्हणण्याची सवय तेवढी मोडावी.

आधी फाइली आणि मग प्रणाली, हाच क्रम मोठ्या सरकारांनाही लागू पडलेला आहे. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जाण्याचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. त्यात राजकारण होते यात शंका नाही, पण विंडोजवरच चालणाऱ्या कार्यक्रमांचे आणि वर्डच्या साच्यांचे ओझे शेवटपर्यंत उतरले नव्हते, हेही खरे. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी तसाच निर्णय घेताना आधी लिबरऑफिस, मग ई-मेल आणि त्यानंतर लिनक्स असा मार्ग धरला. मला दुसरी वाट शहाणपणाची वाटते. लिबरऑफिस विंडोजवरही चालते. तेव्हा दोन-तीन महिने आहे त्याच संगणकांवर, आहे त्याच विंडोजमध्ये ते वापरा. कर्मचाऱ्यांचा हात बसला की खालची प्रणाली बदलल्याचे त्यांना फारसे जाणवत नाही.

नवी कागदपत्रे ओडीएफ या लिबरऑफिसच्या खुल्या फाइल-प्रकारात जतन करावीत. तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्डचा आजचा प्रकारही २००८ पासून मानक आहेच, जरी तो मानक ठरवण्याच्या मतदानात भारताने विरोधात मत नोंदवले होते. शासनाकडे किंवा अन्य संस्थेकडे पाठवायचे पत्र दुरुस्त्यांसाठी असेल तर वर्डच्या प्रकारात आणि अंतिम असेल तर पीडीएफमध्ये पाठवा. जुनी पत्रे मंगल फॉन्टमध्ये असतील तर लिनक्सवर त्यांची जागा दुसरा फॉन्ट घेईल आणि तीन पानांचे पत्र चार पानांवर जाईल, हे आधीच समजून असलेले बरे. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार रोमन अक्षरांहून वेगळा ठरवावा लागतो. मूळ साच्यात तो एकदा नीट ठरवून टाकला, उदाहरणार्थ मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेने घडवलेला मुक्ता हा फॉन्ट, आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली, तर रोजची कटकट वाचते. भाषा हिंदी राहिली तर ज्या फॉन्टमध्ये दोन्हींची सोय आहे त्यात ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी लिनक्सवर आहेच, उच्चारानुसारी पर्यायही आहेत. ज्यांचा हात टंकयंत्राच्या मांडणीवर बसला आहे त्यांनी आपल्या सवयीची मांडणी जशीच्या तशी मिळते का, हे आधी तपासावे. या एका कारणाने ज्येष्ठ कर्मचारी नाराज होतात, आणि ती नाराजी रास्त असते.

यादी शुद्ध झाली की ती एक्सेलमध्ये ठेवण्याचे कारण उरत नाही. ग्रंथालयांसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांचे जुने सॉफ्टवेअर सन २००० च्या तारखेला तोंड देऊ शकणार नव्हते, म्हणून कटिपो या तिथल्या कंपनीकडून ते लिहून घेतले गेले आणि ३ जानेवारी २००० रोजी ते वापरात आले. गरज एका लहान जिल्ह्याची होती. आज जगभरातील ग्रंथालये, भारतातील अनेक विद्यापीठांसह, ते वापरतात. देवघेव, सभासदांची नोंद, मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी आणि वाचकांना मोबाइलवरूनही पाहता येईल अशी सूची, हे सारे त्यात आहे. तुमच्या आठपैकी सर्वांत चांगल्या संगणकावर डेबियन हे लिनक्स घालून कोहा बसवावे आणि बाकीच्यांनी ब्राउझरमधून तिथे जोडून घ्यावे. बसवून देणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, शोधयंत्रणेत आयसीयू या, युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या पद्धतीची अनुक्रमणिका चालू करून द्यायची, नाहीतर देवनागरी शोध धड लागत नाही. दुसरी, रोजचा बॅकअप आपोआप निघाला पाहिजे आणि त्याची एक प्रत आठवड्यातून एकदा ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर गेली पाहिजे. बॅकअपमधून सूची पुन्हा उभी करून दाखवल्याशिवाय त्याचे बिल मंजूर करू नका.

उरलेल्या संगणकांसाठी मी लिनक्स मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवेन. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने आहेत आणि विंडोजची सवय असलेला माणूस तिथे बावरत नाही. संगणकावर काहीही न पुसता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तशी ती प्रत्येक संगणकावर निदान अर्धा तास चालवा आणि वाय-फाय, आवाज, स्कॅनर व बारकोड वाचणारे यंत्र तपासा. संकेतस्थळे उघडताना सुरक्षा-प्रमाणपत्राची तक्रार आली तर प्रणालीला दोष देण्यापूर्वी तारीख पाहा: इतक्या जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा सेल बहुधा संपलेला असतो आणि तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी घातल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. रॅम ८ जीबी असावी हे खरे, परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले आहेत. एसएसडीही महागल्या आहेत. पैसे एकाच वस्तूला पुरणार असतील तर एसएसडी घ्या. सूची पाहण्यासाठी आणि टंकनासाठी मिंट ४ जीबीवर चालते.

खरी अडचण प्रिंटर करतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच होता. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील लेझर प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांना मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, मिळाली नाही, आणि पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. आपल्याकडील कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो आणि आजच्या लिनक्सवर तो बसवताना बरीच खटपट करावी लागते. एचपी लेझरजेट १०२० ची तऱ्हा वेगळी: तो चालू केला की संगणकाने दर वेळी त्याला त्याचे फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, भरवावे लागते आणि एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरला त्यासाठी एक जोडभाग वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो एकदा घातला की हा प्रिंटर मुकाट्याने काम करतो. तुमच्याकडे पहिला असेल तर तो विंडोजच्या संगणकालाच राहू द्या आणि छापायचे कागद पीडीएफ करून तिकडे पाठवा. पुढचा प्रिंटर घेताना मात्र तो एअरप्रिंटला साथ देतो का, एवढे विचारा. असे प्रिंटर लिनक्सवर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

अध्यक्षांच्या स्वदेशीच्या आग्रहाविषयी मला आदराने काही सांगायचे आहे. त्यांची काळजी निराधार नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायारा एनर्जी या कंपनीची ई-मेल आणि इतर सेवा अचानक थांबवली. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनारला, परवान्यांचे पैसे भरलेले; तरीही तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि मग काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोकडे वळत असल्याचे जाहीर केले आणि स्वदेशी सॉफ्टवेअरची चर्चा घरोघरी पोचली. झोहो ही चांगली भारतीय कंपनी आहे, तिचे काम मला आवडते. परंतु भारतीय असणे आणि मुक्त असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. झोहोची संहिता खुली नाही आणि तिच्या सेवा प्रामुख्याने तिच्या सर्व्हरवर चालतात. म्हणजे किल्ली परक्या हातातून आपल्या देशातील दुसऱ्या हातात गेली, पण ग्रंथालयाच्या हातात आली नाही. ई-मेलसाठी झोहो खुशाल घ्या. ग्रंथसूची मात्र तुमच्याच संगणकावर, खुल्या प्रकारात असू द्या.

मुक्त सॉफ्टवेअर राजकारणापासून अलिप्त असते असेही मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन जणांची नावे निर्बंधांमुळे काढण्यात आली. फरक इतकाच की त्यांच्या संगणकांवरील लिनक्स त्यामुळे बंद पडले नाही, पडणारही नव्हते.

तरुण सदस्याचेही एक म्हणणे मला मान्य नाही. लिनक्सला धोका नसतो, असे त्यांनी म्हटल्याचे तुम्ही लिहिता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या छोट्या साधनात कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. ते साधन प्रामुख्याने एकच माणूस सांभाळत होता, आणि मदतीच्या मिषाने दोन-अडीच वर्षे त्याचा विश्वास संपादन करून ही घुसखोरी झाली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्याने संहिता खुली असल्यामुळे मुळापर्यंत शोध घेतला आणि मोठा अनर्थ टळला. गंमत म्हणजे हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता. खुली संहिता म्हणजे सुरक्षितता नव्हे; अद्यतने वेळेवर घालणारा माणूस तुम्हाला लिनक्सवरही लागेलच. परवान्यांचे वाचलेले पैसे गावातल्याच एखाद्या तंत्रज्ञाला वार्षिक देखभालीसाठी द्या. केरळने शाळांमध्ये मुक्त प्रणाली इतकी वर्षे टिकवली ती शिक्षकांना शिकवण्यावर खर्च केला म्हणून. नुसत्या चकत्या वाटून ते झाले नसते.

या निमित्ताने तुमच्या संगणकांवर जे मायक्रोसॉफ्ट ऑफिस आहे त्याचा परवाना कपाटात आहे का, हेही पाहून घ्या. संगणक जुळवून देणाऱ्याने ‘टाकून दिलेले’ ऑफिस अनेक संस्थांत चालते. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला ते शोभत नाही.

टॅलीच्या वाटेला जाऊ नका. मुंबईच्या कृष्णकांत माने यांनी सुरू केलेले ग्नूखाता हे हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परंतु तुमच्या लेखापरीक्षकाला टॅलीची फाइल हवी असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आठवा संगणक त्यासाठीच विंडोजवर ठेवायचा आहे. त्यावर टॅली, डिजिटल सहीचे टोकन आणि तो हट्टी प्रिंटर एवढेच असावे. त्यावर कोणी इतर संकेतस्थळे पाहू नयेत, आणि कधी नवा संगणक घेता आला तर पहिली बदली त्याची करावी.

यादीच्या शुद्धीला पुस्तकसंख्येनुसार काही महिने लागतील, तेव्हा ते काम आताच सुरू करा. प्रत्यक्ष बदल मात्र मार्चअखेरीचा हिशेब आणि लेखापरीक्षण उरकल्यावर एप्रिल-मेमध्ये करावा, आणि तोही आधी वाचनकक्षातील दोन संगणकांपासून. देवघेवीचा संगणक सर्वांत शेवटी बदला. त्या आठवड्यात कागदी देवघेव नोंदवही समांतर चालू ठेवा आणि कोहातील नोंदी तिच्याशी रोज ताडून पाहा.